विमा पाच लाखांचा की तीन लाखांचा, हे सर्वांत शेवटी ठरवा

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेच्या कर्मचारी संघटनेने प्रश्न विचारला आहे. संस्थेचे हायस्कूल अनुदानित आहे आणि बालवाडी विनाअनुदानित. शिक्षक, कार्यालयातले कर्मचारी, शिपाई, बालरथचे (शाळेच्या बसचे) चालक आणि मदतनीस मिळून ५८ जण आहेत. सर्वांसाठी पाच लाखांची गट आरोग्य विमा पॉलिसी आहे आणि तिचा हप्ता संस्था भरते. नूतनीकरणाला तीन महिने उरले असताना विमा कंपनीने हप्त्यात ४० टक्के वाढ मागितली. व्यवस्थापनाने संघटनेपुढे तीन पर्याय ठेवले: विम्याची रक्कम तीन लाखांवर आणा, आई-वडिलांना पॉलिसीतून काढा, किंवा वाढीव हप्ता कर्मचाऱ्यांनी सारखा वाटून भरावा. बोलणी फिसकटली तर काय करावे, आणि मुळात यातला कोणता पर्याय स्वीकारावा?

आज तरी एकही नाही. मी २२ वर्षे शाळेच्या कार्यालयात नोकरी केली आणि त्यातली १४ वर्षे संघटनेच्या वतीने विम्याच्या बोलण्यांना बसलो. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, हे तीन पर्याय पुढे आले की आपली माणसे लगेच आपसात वाद घालू लागतात. तरुण शिक्षक म्हणतात आई-वडिलांना काढा, पन्नाशीतले म्हणतात रक्कम कमी करा, शिपाई गप्प बसतात. व्यवस्थापनाला काहीच करावे लागत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत एवढेच सांगा: "पर्यायांवर आम्ही बोलू, पण आधी कागद द्या."

कोणते कागद, ते पुढे सांगतो. त्याआधी रक्कम कमी करण्याचा पर्याय दिसतो तेवढा साधा का नाही, ते एका बिलावरून पाहू.

आमच्या पॉलिसीची रक्कम तेव्हा तीन लाख होती. बालरथ चालवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया एका खाजगी इस्पितळात झाली. बिल आले १,८४,००० रुपये. विमा कंपनीने १,२२,००० दिले. उरलेले ६२,००० त्याने भावाकडून आणि पतसंस्थेतून उचलले. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, विमा तीन लाखांचा, बिल दोन लाखांच्या आतले. मग हे बासष्ट हजार कसले?"

आम्ही दोघांनी बिल एकेक ओळ लावून वाचले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती, विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. त्या दिवशी इस्पितळात त्या भाड्याची खोली रिकामी नव्हती, ६,००० ची दिली गेली. चार दिवसांच्या २४,००० पैकी कंपनीने १२,००० दिले. हे तर समजण्यासारखे होते. पण खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग यांच्या एक लाखाच्या खर्चालाही तीच निम्म्याची कात्री लागली. कंपनीने त्याचे ५०,००० दिले. औषधे आणि तपासण्यांचे ६०,००० मात्र पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कपात लावता येत नाही. विमा नियामकाने २०२० मध्ये तसे स्पष्ट केले आहे. निम्म्याच्या या कात्रीला प्रमाणशीर कपात म्हणतात. तो करार मीच वाचून सही केलेला होता आणि खोलीभाड्याची ती ओळ मला तेव्हा महत्त्वाची वाटली नव्हती. त्या बासष्ट हजारांची जबाबदारी मी आजही स्वतःची मानतो.

आता तुमच्यापुढचा पहिला पर्याय पुन्हा पाहा. पॉलिसीत १ टक्क्याची अट असेल तर रक्कम पाचावरून तीन लाखांवर येताच खोलीभाड्याची मर्यादाही ५,००० वरून ३,००० वर येते. तीन लाखांच्या वरची बिले एखाद्या वर्षी एक-दोनच येतात. खोली मर्यादेपेक्षा महाग मिळाली तर कपात मात्र लहानमोठ्या प्रत्येक बिलात होते. कर्मचाऱ्याला वाटते की आपण फक्त वरचे दोन लाख सोडले. प्रत्यक्षात अशा खोलीत दाखल झाल्यावर दर वेळी तो खिशातून भरत राहतो. म्हणून माझे मत ठाम आहे: खोलीभाड्याची अट काढून टाकलेली तीन लाखांची पॉलिसी ही अट असलेल्या पाच लाखांच्या पॉलिसीपेक्षा चांगली. अट पूर्ण काढायला कंपनी तयार नसेल तर टक्क्यांऐवजी "साधी स्वतंत्र वातानुकूलित खोली" असे शब्द घालून घ्या. अतिदक्षता विभागालाही वेगळी मर्यादा नको. आणि मोठ्या आजारासाठी वर सुपर टॉप-अप मागा, म्हणजे मूळ रकमेच्या वर गेलेल्या बिलांसाठीची जादा पॉलिसी. साधा टॉप-अप दर वेळी दाखल झाल्याचे बिल वेगळे मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बिले एकत्र धरतो. केमोथेरपीसारख्या उपचारात माणूस वर्षातून दहा वेळा दाखल होतो, तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

आता कागद. चालू पॉलिसीची संपूर्ण प्रत, तिला जोडलेल्या सर्व दुरुस्त्यांसह. एका पानाचा सारांश चालणार नाही. मागच्या तीन वर्षांचा दाव्यांचा तक्ता, जो टीपीए (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) किंवा ब्रोकर (पॉलिसी मिळवून देणारा मध्यस्थ) देतो. हप्त्याची फोड. ब्रोकरने आणखी कोणत्या कंपन्यांकडून दर मागवले त्याची पत्रे. दाव्यांच्या तक्त्यात नावे आणि आजार नकोत, हे आपणच आधी सांगायचे. कोणाला कोणता आजार आहे हे व्यवस्थापनालाही कळता कामा नये आणि आपल्या समितीलाही. बालवाडीतल्या एखाद्या कंत्राटी शिक्षिकेचा आजार असा बैठकीत फुटला तर पुढच्या वर्षी तिचे कंत्राट वाढेल याची खात्री कोण देणार?

या तक्त्यातली एक गोष्ट बारकाईने बघायची. कंपनी हप्तावाढ ठरवते ती हप्त्याच्या तुलनेत दावे किती, या प्रमाणावरून. आमच्याकडे एका वर्षी हप्ता साधारण ८ लाख होता. दिलेले दावे ५.२० लाख आणि "प्रलंबित" म्हणून दाखवलेले २ लाख, एकूण ७.२० लाख, म्हणजे ९० टक्के. या आकड्यावर कंपनीने घसघशीत वाढ मागितली. आम्ही प्रलंबित दाव्यांची एकेक नोंद तपासायला लावली. एक दावा दोनदा चढला होता. दुसऱ्या प्रकरणात रुग्ण खाजगी इस्पितळातून गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात) हलवला गेला होता, खाजगी इस्पितळाचा अंदाज मात्र तसाच उभा होता. खरे प्रलंबित ६०,००० निघाले. प्रमाण आले ७२ टक्क्यांच्या आसपास, आणि मागितलेली वाढ निम्म्याहून खाली आली. यासाठी मोर्चा लागला नाही, दोन दुपारी लागल्या. हे आकडे नूतनीकरणाच्या आदल्या आठवड्यात मागून उपयोग नाही, तेव्हा ब्रोकर "आता वेळ नाही" म्हणतो. तुमच्याकडे तीन महिने आहेत, उद्याच लेखी मागा.

गोव्यात आणखी एक मुद्दा आपल्या बाजूचा असतो. आपली पुष्कळ माणसे मोठ्या आजाराला बांबोळीला गोमेकॉतच जातात, दक्षिणेकडची मडगावच्या जिल्हा इस्पितळात जातात. तिथल्या उपचारांचा विमा कंपनीवर जवळजवळ भार पडत नाही. त्यामुळे सरकारी इस्पितळात दाखल झालेल्या कर्मचाऱ्याला रोजचा रोख भत्ता मागा. कंपनीला तो परवडतो. आणि सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातून बांबोळीला येऊन रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकाचा जेवणाचा, प्रवासाचा, बुडालेल्या रोजाचा खर्च त्यातून निघतो. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

व्यवस्थापनातले कुणीतरी म्हणेल की सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहेच. आहे, आणि चांगली आहे. ती २०१६ मध्ये सुरू झाली, आणि पाच वर्षे किंवा अधिक काळ गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांना तिचा आधार आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. तुमच्यापैकी जे पात्र आहेत त्यांनी कार्डाचे नूतनीकरण चुकवू नये, हे संघटनेने दरवर्षी स्वतः पाहावे. पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर आणि ठरावीक इस्पितळांत चालते. तिच्या भरवशावर मालकाने आपला वाटा काढून घेणे मान्य करू नका.

आई-वडिलांचा मुद्दा सगळ्यांत नाजूक. हप्त्याचा मोठा भाग त्यांच्यामुळे चढतो, हे खरे आहे आणि ते नाकारून बोलणी पुढे जात नाहीत. ७० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे पाच लाखांचे कवच मिळते. ज्यांचे आई-वडील त्या वयाचे आहेत त्यांनी ते कार्ड काढून ठेवावेच. पण साठ ते सत्तरमधल्यांचे काय? मधुमेह, रक्तदाब असलेल्या ६५ वर्षांच्या माणसाला बाहेर नवी वैयक्तिक पॉलिसी मिळणे कठीण. मिळाली तरी आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. गट पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून कव्हर होऊ शकतो, आणि हाच गट पॉलिसीचा सर्वांत मोठा फायदा आहे.

तडजोड करायचीच असेल तर आई-वडिलांच्या दाव्यात १० टक्के वाटा कर्मचाऱ्याने उचलावा इथपर्यंत जा. कितीही ताणले तरी वीसच्या वर जाऊ नका. "ज्याला हवे त्याने आई-वडिलांचा हप्ता भरून त्यांना घ्यावे" ही सूचना वरून न्याय्य वाटते, पण तिच्यात धोका आहे. ज्यांच्या घरी आजार आहे तेच भरतात, दावे वाढतात, पुढच्या वर्षी हप्ता दुप्पट होतो, मग आणखी माणसे बाहेर पडतात. दोन-तीन वर्षांत ती सोय आपोआप बंद पडते. ही सूचना स्वीकारलीच तर आत येण्याची संधी एकदाच द्या आणि आलेल्याला निदान तीन वर्षे बाहेर पडता येणार नाही अशी अट घाला.

आणखी एक, जे पुरुषांनी भरलेल्या समितीत सुटून जाते. विवाहित शिक्षिकेला आई-वडील की सासू-सासरे, यातली निवड तिची तिला करता आली पाहिजे. काही पॉलिसींत "कर्मचाऱ्याचे आई-वडील" एवढेच शब्द असतात. ज्या घरात ती सासूची सेवा करते तिथे त्या सासूलाच कव्हर नसते. शब्द बदलून घ्या, फारसा खर्च येत नाही. आणि समितीत निदान दोन बायका घ्या.

तिसरा पर्याय, वाढीव हप्ता सारखा वाटणे. वर्षाला ४,००० प्रत्येकी आले असे धरू. महिना ५५,००० पगाराच्या शिक्षकाला ते वार्षिक पगाराच्या ०.६ टक्के पडतात, १४,००० मिळवणाऱ्या मदतनिसाला २.४ टक्के. म्हणजे चौपट. वाटा द्यायचाच झाला तर तो पगाराच्या टक्केवारीत द्या, आणि ठरावीक पगाराखालच्यांचा वाटा शून्य ठेवा.

कमी पगाराच्या सहकाऱ्यांसाठी त्याआधीही एक चौकशी करायची आहे, आणि बहुतेक शाळांत ती कुणी करत नाही. पणजीतल्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) महामंडळाच्या कार्यालयात जाऊन तुमच्या संस्थेला ईएसआय लागू होते का, हे लेखी विचारा. २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० आहे. कर्मचाऱ्याने ०.७५ टक्के आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. १४,००० पगारावर कर्मचाऱ्याचे महिना १०५ रुपये, मालकाचे ४५५. त्यात उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही, अवलंबून असलेले आई-वडीलही येतात, आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. हे शेवटचे कोणतीही गट पॉलिसी देत नाही. बालरथच्या मदतनिसाला इस्पितळाच्या बिलाइतकीच भीती बुडालेल्या पगाराची असते. मडगावच्या ईएसआय इस्पितळाबद्दल लोकांच्या तक्रारी असतील, पण तक्रार आहे म्हणून हक्क सोडायचा नसतो.

बोलणी फिसकटली तर काय, हेही विचारले आहे. इथे एक कायदेशीर बाजू माहीत हवी. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला "कामगार" नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला, आणि तो खटला गोव्यातलाच होता, करंझाळेच्या एका शाळेतील शिक्षिकेचा. शाळा उद्योगात मोडते, पण शिकवणारा कामगार नाही, असे त्या निकालाचे सार. त्यामुळे शिक्षकांपुढे कामगार आयुक्तांकडचा समेटाचा मार्ग बंद असतो. कारकून, शिपाई, चालक यांचे तसे नाही. आपले शिक्षक शिपायांना सोबत घेतात ते उपकार केल्यासारखे. कायद्याकडे पाहिले तर विवादाची दारे शिपायामुळे उघडतात. मागणीपत्र एकच असू द्या आणि सह्या सगळ्यांच्या असू द्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात उद्योगाच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्थांनी चालवलेल्या आस्थापना वगळल्या आहेत. व्यवस्थापनाचा वकील हा मुद्दा काढणारच. तेव्हा कायद्याच्या भांडणापेक्षा आधी लेखी करार हातात असणे जास्त मोलाचे. शिक्षकांसाठी गोव्याचा १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६ चे नियम आहेतच. सेवाशर्तींचा भाग वाचून बैठकीला जा आणि शिक्षण खात्याला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा.

एक प्रस्ताव हमखास येतो, त्यासाठी तयार राहा: "गट पॉलिसी बंद करू, प्रत्येकाला रोख देऊ, आपापला विमा घ्या. वैयक्तिक विम्यावर आता जीएसटी नाही." २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला हे खरे आहे, आणि गट पॉलिसीवर १८ टक्के तसाच आहे हेही खरे. शाळेला तो कर वजावटीत परतही मिळत नाही. पण करात वाचलेले पैसे तीस वर्षांच्या निरोगी शिक्षकाच्या हाती राहतात. पन्नाशीच्या मधुमेही कारकुनाला कंपनी आधी तपासणीला पाठवते, मग जादा हप्ता लावते किंवा नाही म्हणते. हा प्रस्ताव बैठकीत आला त्या दिवशी आमच्या संघटनेत सरळ दोन तट पडले होते. शेवटी एका तरुण शिक्षकानेच उठून सांगितले की माझे वडील याच पॉलिसीवर डायलिसिस करतात, मी रोख घेणार नाही. बाकीचे गप्प झाले. बोलणी करताना हप्त्यांची तुलना नेहमी करासह करा, नाहीतर बैठकीत एक आकडा ठरतो आणि पत्रात दुसरा येतो.

करारात काय लिहून घ्यायचे ते शेवटी सांगतो, कारण इथेच मेहनत वाया जाते. आमच्या एका बैठकीत आई-वडिलांसाठी "पहिल्या दिवसापासून" असे ठरले, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. पॉलिसी आली तेव्हा त्यात एक वर्षाची प्रतीक्षा होती. ब्रोकर म्हणाला, मला कुणी सांगितले नाही. तेव्हापासून आम्ही अटींचे एक पान तयार करतो. त्यावर संस्थेचे अध्यक्ष, आमचे सरचिटणीस आणि ब्रोकर या तिघांच्या सह्या घेतो, आणि तेच पान दर मागवताना सर्व कंपन्यांना जाते. पॉलिसी हातात आली की त्या पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहतो. करारात हेही असू द्या: विमा कंपनी बदलली तरी आजचे कोणतेही कवच कमी होणार नाही, पॉलिसीत न बसलेला पण करारात असलेला खर्च संस्था देईल, नवे लग्न किंवा नवे बाळ यांची नोंद करायला ६० दिवस मिळतील, निवृत्त होणाऱ्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची माहिती निदान दोन महिने आधी लेखी मिळेल. हे शेवटचे विसरू नका. निवृत्तीच्या दिवशी गट पॉलिसी संपते आणि त्याच दिवशी माणूस साठीचा असतो.

नेटवर्क इस्पितळांची, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या इस्पितळांची, यादी तालुकावार मागा आणि बेळगाव व मुंबईचीही घ्या, कारण गंभीर आजारात आपण तिकडेच धावतो. कॅशलेसची (कंपनीने बिल थेट इस्पितळाला देण्याची) पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले आहे. तीन तास उलटल्यामुळे इस्पितळाने जादा आकारले तर ते कंपनीने सोसायचे असतात. हे वाक्य छापून स्टाफरूममध्ये लावा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे. गट पॉलिसीतल्या कर्मचाऱ्यालाही तिथे जाता येते, वकील लागत नाही, फी नाही, पण नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते.

उद्याचे काम सांगतो. कागदांची मागणी करणारे पत्र लिहा आणि त्यावर ५८ सह्या घ्या. पहिली सही बालरथच्या चालकाची घ्या आणि पत्र द्यायला जाताना त्याला सोबत न्या. खोलीभाड्याचा मुद्दा बैठकीत त्यालाच मांडू द्या.